स्मरणशक्तीचा फुटलेला पेपर

हिंजवडीत काही वर्षं मी लोकांचे मेंदू बघण्याचा पगार घेत होते. हे नातेवाइकांना समजावून सांगणं अवघड होतं. पूर्वी 'कंपनीत आहे' एवढ्यावर भागायचं, पण गावोगाव कंप्युटरच्या कंपन्या झाल्यापासून लोक 'कुठली? काय करतेस? बाहेर कधी जाणार?' असं तीन टप्प्यांत विचारायला लागले होते. मी सांगायचे, मेंदूच्या एमआरआयची चित्रं येतात, त्यातला आठवणींशी संबंध असलेला एक छोटा भाग आमचं सॉफ्टवेअर रेष काढून वेगळा करतं आणि मोजतं; रेष बरोबर पडली की नाही हे मी डोळ्यांनी तपासते. यावर माझी एक मावशी म्हणाली होती, "म्हणजे कंप्युटरने केलेलं काम तू परत करतेस." त्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन माझ्या मॅनेजरलाही कधी जमलं नाही.

त्या भागाचं नाव हिप्पोकॅम्पस. करंगळीएवढा असतो, दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला एकेक. वय वाढलं की तो सगळ्यांचाच थोडा बारीक होतो, काहींचा मात्र फार भराभर होतो. कोणाचा होतो, हे शोधायचा तो प्रकल्प होता: रक्तदाबवाल्यांचा, मधुमेहवाल्यांचा, कमी ऐकू येणाऱ्यांचा, कमी शिकलेल्यांचा, की एकटं राहणाऱ्यांचा. पैसे आणि प्रश्न परदेशातले, मेंदू पुण्यातले. त्यासाठी निरोगी ज्येष्ठ नागरिक हवे होते. त्यांनी प्रश्नावली भरायची, मशीनमध्ये पडून राहायचं, स्मरणशक्तीची चाचणी द्यायची आणि दोन वर्षांनी हे सगळं पुन्हा करायचं. बदल्यात रिक्षाभाडं, चहा-बिस्किटं आणि विज्ञानाला हातभार लावल्याचं समाधान. पुण्यात समाधानावर बरीच माणसं मिळतात, असं तेव्हा लक्षात आलं.

मी आईबाबांची नावं दिली. ऑफिसात सांगितलं, माणसं कमी पडताहेत म्हणून देते आहे. घरी सांगितलं, ऑफिसात माझी अडचण झाली आहे. खरं कारण आई होती. त्या वर्षी ती एकाच सकाळी दोनदा भाजी आणायला लागली होती. तसं कोणाचंही होतं. पण फोनवर ती विचारायची, "जेवलीस का?" मी हो म्हणायचे, भाजी कुठली केली तेही सांगायचे, आणि फोन ठेवण्याआधी ती पुन्हा विचारायची, "जेवलीस का?" तितक्याच काळजीने. मेंदूच्या डॉक्टरकडे जाऊ या म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, मी काय वेडी आहे? आणि बाबा म्हणाले असते, तिला काही झालेलं नाही. बाबांचं हे वाक्य मी काही न विचारताच दोनदा म्हणून झालं होतं. संशोधनाला मात्र निरोगी माणसं लागतात, त्यामुळे तिथे जाण्यात कमीपणा नव्हता. आई बरी आहे की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. ते कळूच नये असंही वाटत होतं, पण ते मी कोणाला सांगितलं नाही.

माझे बाबा म्हणजे नारायण पेठेतले निवृत्त गणिताचे मास्तर. शाळेखेरीज त्यांनी तीस-पस्तीस वर्षं चौथी-सातवीच्या स्कॉलरशिपचे जादा तास घेतले. त्यांच्या हाताखालून गेलेले तिघं आमच्याच कंपनीत होते; कँटीनमध्ये मी समोर आले की अजून अर्धवट उठून उभे राहायचे. बाबांचा सकाळचा बागेतला एक गट होता. अकरा जण, सगळे निवृत्त, सगळे एकमेकांना 'अहो' म्हणणारे आणि एकमेकांचं काहीही न पटणारे. बाबांनी अख्ख्या गटाचीच नावं प्रकल्पात घातली. मॅनेजरने माझं ई-मेलवर अभिनंदन केलं आणि त्याची प्रत परदेशी पाठवली.

चाचणी घेणारी मानसशास्त्राची मुलगी अमरावतीकडची होती, नुकतीच एम.ए. होऊन आलेली. पहिला मान बाबांचा. ती म्हणाली, "काका, मी दहा शब्द सांगून राहिली, ते ध्यानात ठेवा." बाबा म्हणाले, "सांगते आहे." तिला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून तिने पुन्हा सांगितलं, "सांगून राहिली." बाबांनी पुन्हा दुरुस्त केलं. मग प्रश्नावली सुरू झाली. ऐकायला कमी येतं का? "ऐकण्यासारखं कमी असतं." दिवसातला किती वेळ एकटे असता? "माणसं असतात. पण त्याने काय फरक पडतो?" बुद्धीला चालना मिळेल असं काही करता का? "वर्तमानपत्रातल्या चुका काढून संपादकांना कळवतो." रोज? "चुका रोज असतात." ती बिचारी मला नंतर म्हणाली, "मॅडम, कोण कोणाची टेस्ट घेऊन राहिलं, तेच समजत नव्हतं."

अर्ध्या तासाने तिने ते दहा शब्द विचारले. बाबांनी दहाच्या दहा सांगितले, त्याच क्रमाने. मग घरी आले आणि चपला काढायच्या आधी ते दहा शब्द एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर उतरवले. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत त्याच्या दहा झेरॉक्स वाटल्या गेल्या. खाली बाबांच्या ठसठशीत अक्षरात सूचना होती: 'मध्ये वजाबाक्या आणि इतर गोष्टी करायला लावून गोंधळात टाकतील. तिकडे लक्ष देऊ नये.'

याला फसवणूक म्हणतात हे त्यांच्यातल्या कोणाच्याही डोक्यात आलं नाही. परीक्षा म्हटल्यावर तयारी नको? प्रत्येकाचं काहीतरी अडकलंही होतं. एका काकांना भीती होती की स्मरणशक्ती कमी निघाली तर अमेरिकेतला मुलगा येऊन स्कूटरची किल्ली काढून घेईल. एका काकूंना वाटत होतं, आपण नापास झालो हे सुनेला कळलं तर आमटीतल्या मिठाचाही पुरावा मागितला जाईल. सगळ्यांनी पाठांतर केलं. बागेच्या तीन फेऱ्यांत शब्दांच्या तीन उजळण्या व्हायच्या.

मला हे एका रविवारी कळलं. मी औंधहून घरी गेले तर गॅलरीतून बाबांचा वर्गातला आवाज येत होता. "कात्री, विहीर, पेरू, पोस्टमन, घोंगडी. म्हण." आई मटार सोलत बसली होती. शब्द लक्षात राहावेत म्हणून बाबांनी तिला गोष्ट करून दिली होती: कात्री विहिरीत पडली, विहिरीशेजारी पेरूचं झाड होतं, त्याखाली पोस्टमन घोंगडी पांघरून बसला होता.

"कात्री टाकली कोणी?" आईने विचारलं.

"ते महत्त्वाचं नाही."

"असं कसं? नवी होती का?"

"अगं, ते विचारणार नाहीयेत! नुसतं कात्री म्हणायचं."

"आणि पोस्टमनला एवढी थंडी वाजतेय तर तो बाहेर कशाला बसलाय?"

बाबांनी कपाळाला हात लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. रोज संध्याकाळी असं चाललं होतं, ओळीने नऊ दिवस. हे चूक आहे हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. अशा चाचणीची माहिती लोकांनी एकमेकांना सांगू नये, असं स्वयंसेवकांच्या पत्रकात छापलेलं होतं आणि त्या पत्रकाचं मराठी भाषांतर मीच केलं होतं. मी आत जाऊन चहा टाकला. तिथे उभी असताना मला कळलं की आईला काही झालंय का हे शोधायला मी एवढा खटाटोप केला आणि आता ती पास व्हावी म्हणून मीच कॉपीकडे काणाडोळा करते आहे. मला स्वतःची लाज वाटली. चहा झाल्यावर मी आईला म्हटलं, "विहिरीनंतर काय गं?" आई म्हणाली, "कुठली विहीर?"

तिकडे अमरावतीच्या मुलीला संशय आला होता. बाबांच्या मागून आलेले चारही जण एका दमात, एकाच क्रमाने, दहाच्या दहा शब्द म्हणून दाखवत होते. चौथ्या बाईंनी तर तिने शब्द वाचायच्या आधीच म्हणून दाखवले. तिने प्रमुख डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, कोणाला काही बोलू नका, उरलेल्यांना दुसरी यादी द्या. अशा चाचण्यांना दुसरी यादी असतेच. गटातले सहा जण उरले होते, आणि सातवी आई. सगळे एकाच दिवशी येणार होते.

त्या दिवशी मी अर्धा दिवस रजा टाकून आईला घेऊन गेले, बरोबर बाबाही होते. आधी मशीन. मशीनच्या खोलीत धातूचं काही नेता येत नाही, म्हणून तंत्रज्ञाने बांगड्या, कुड्या आणि मंगळसूत्र काढायला सांगितलं. बांगड्या, कुड्या निघाल्या. मंगळसूत्रापाशी आई थांबली. बेचाळीस वर्षांत ते गळ्यातून उतरलं नव्हतं. ती म्हणाली, मग राहू दे ते मशीन. तंत्रज्ञ अनुभवी होता. त्याच्या टेबलाच्या खणात हळकुंड बांधलेले पिवळे दोरे तयार होते. त्याने एक काढून दिला. आईने आधी दोरा बांधला, मग मंगळसूत्र काढलं आणि बाबांच्या शर्टाच्या खिशात घातलं. "बाहेर आले की लगेच द्या," असं तीनदा बजावून आत गेली. मशीन अर्धा तास ठणाणा करत होतं. बाबा खिशावर हात ठेवून बाकावर बसले होते. आई बाहेर आली आणि चाचणीला वर जायची घाई सुरू झाली. मी तिथून ऑफिसला गेले.

चारच्या सुमाराला त्या मुलीचा फोन आला. "मॅडम, तुमच्या बागेतले सगळेच झिरोवर आले."

झालं होतं असं. तिने दुसरी यादी वाचली: खिडकी, लिंबू, सुतार आणि असे दहा. साही जणांनी शांतपणे ऐकून घेतलं. अर्ध्या तासाने तिने विचारलं, काय काय आठवतं? सहाही जणांनी कात्री, विहीर, पेरू, पोस्टमन, घोंगडी असं शेवटापर्यंत बिनचूक म्हणून दाखवलं. न सांगितलेले दहा शब्द. सांगितलेल्यांपैकी एकही नाही. स्कूटरवाल्या काकांनी वर तिला समजावलं, "मधे तुम्ही गोंधळात टाकायला भलतीच यादी वाचलीत, ते आम्ही ओळखलं. आम्ही तिकडे लक्षच दिलं नाही." नियमानुसार तिला सहांच्या नावापुढे शून्य लिहावं लागलं.

"आणि आई?"

"काकूंना तीन आले. खिडकी, लिंबू आणि सुतार. त्या एकट्याच खरं खरं बोलल्या. मी विचारलं त्यांना, आधी कोणी शब्द देल्ते का? म्हणाल्या, छे, मला कोण देणार?"

माझी आई खोटं बोलते. सगळ्या आयांसारखं, गरजेपुरतं. पण खोटं बोलताना ती आधी पदर सारखा करते. मी त्या मुलीला विचारलं, हे म्हणताना त्यांनी पदर सारखा केला का? तिला माझा प्रश्न कळला नाही. म्हणाली, "नाही हो, सरळ बघून बोलल्या."

मला हसू येत होतं ते थांबलं. नऊ संध्याकाळी घोकून घेतलेली यादी आईने गाळली नव्हती. ती तिच्याकडे नव्हतीच. यादी नव्हती आणि त्या नऊ संध्याकाळीही नव्हत्या. डोक्यात दुसरं काही नसल्यामुळे नव्या यादीतले पहिले तीन शब्द तिला सांगता आले, आणि त्या दिवशीच्या सात जणांत माझी आई पहिली आली.

आठवड्याने ही भानगड ऑफिसात पोचली. परदेशातल्या लोकांचं म्हणणं पडलं की सुशिक्षित, निरोगी अशा सहा माणसांना दहांतला एकही शब्द आठवू नये आणि न ऐकलेले दहा ओळीने आठवावेत, हे माणसांकडून होणं शक्य नाही. म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरने कोणाची माहिती कोणाच्या नावावर टाकली आहे. तक्रार नोंदवली गेली. चार इंजिनिअर दोन दिवस माझ्या वडिलांचा शोध घेत होते आणि त्यांना तो लागत नव्हता. शेवटी मीच मॅनेजरला सांगितलं. तो सदाशिव पेठेतला. त्याने डोळे मिटून घेतले आणि विचारलं, "झेरॉक्स काढल्या?" अशा तक्रारीच्या शेवटी 'मूळ कारण' नावाचा रकाना भरावा लागतो. त्यात मी लिहिलं, 'स्वयंसेवकांमध्ये आपसांत माहितीची देवाणघेवाण.' संध्याकाळच्या कॉलवर पलीकडून प्रश्न आला, पण यात त्यांचा फायदा काय? बक्षीस तर काहीच नव्हतं. मॅनेजर म्हणाला, "ते तुम्हाला सांगणं कठीण आहे."

अकराही जणांच्या चाचण्या बाद झाल्या. मेंदू तेवढे ठेवून घेतले. शून्य मिळाल्याचं कुठूनसं कळल्यावर दोघांनी फेरतपासणीचा लेखी अर्ज दिला, पोच घेऊन.

मेंदू ठेवून घेतले म्हणजे ते माझ्याकडे आले. चित्रांवर नाव नसतं, फक्त नंबर असतो. पण वय, स्त्री की पुरुष आणि तारीख असते, आणि त्या दिवशी त्या वयाची बाई एकच होती. हे बघायचं नसतं. मी बघितलं. सॉफ्टवेअरने काढलेली रेष दोन्ही बाजूंना अगदी बरोबर पडली होती. आतला भाग मात्र बारीक होता, त्या वयाच्या इतर बायकांची जी चित्रं मी रोज बघत होते त्यांच्यापेक्षा बराच. रेष चुकली असती तर मला किती बरं वाटलं असतं. मी चित्र मोठं केलं आणि दोन ठिकाणी रेष जराशी बाहेर सरकवून पाहिली. सरकवली की मापाचा आकडा वाढायचा. चार-पाच वेळा मी आईचा मेंदू असा मोठा केला. मग सगळं पूर्ववत केलं आणि 'बरोबर' या चौकटीत खूण केली. बाबांना हसायचा मला काही अधिकार नव्हता. एका चित्रावरून काही ठरत नाही, हे वाक्यही त्या पत्रकात होतं, आणि त्याचंही भाषांतर मीच केलं होतं. ते मराठी वाक्य मला तेव्हा फार बेकार वाटलं.

शनिवारी मी नारायण पेठेत गेले. बाबांना सगळं कळलं होतं. बागेत त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं. पण त्याची त्यांना पर्वा नव्हती. ते पेढे घेऊन बसले होते.

"सात जणांत पहिली," त्यांनी मला पेढा दिला. "आणि कॉपी न करता. त्या सहा जणांना तोंड दाखवायला जागा नाही."

आईने पेढा हातात घेतला. "कशात पहिली?"

"अगं, परीक्षेत."

"कोणाच्या?"

"तुझ्या! ते मशीन, ती मुलगी, नाही का..."

"हो का," आई म्हणाली आणि पदर सारखा केला. "हो हो. ती मुलगी." मग ती देवापुढे पेढा ठेवायला आत गेली.

मी बाबांना हळूच सांगितलं, की ती पहिली आली कारण तुम्ही शिकवलेलं तिच्या डोक्यात नव्हतं. शिकवलं होतं हेसुद्धा नव्हतं. मला वाटलं ते चिडतील, म्हणतील, तिला काही झालेलं नाही. त्यांनी शर्टाच्या खिशातून रुमाल काढला आणि उलगडला. आत मंगळसूत्र होतं.

"त्या दिवसापासून माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "रोज शर्ट बदलला की या खिशातून त्या खिशात. अकरावा दिवस."

"मग दिलं का नाही?"

"ती मागेल म्हणून थांबलो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मघापासून आईच्या गळ्यात तो पिवळा दोराच होता आणि माझ्याही ते डोळ्यांत भरलं नव्हतं. मी बाबांचा हात धरला. लहानपणानंतर मी तो कधी धरला नव्हता, त्यांनाही तो कुठे ठेवावा कळेना. ते म्हणाले, "तुला आता दिसलं. मी दीड वर्ष बघतोय." मग मला कळलं की गॅलरीतले ते नऊ संध्याकाळचे जादा तास कशासाठी होते. आत जाऊन त्यांनी आईला मंगळसूत्र घातलं. आई म्हणाली, "इश्श, हे काय मधेच?" आणि फार खूश झाली.

त्यानंतर आम्ही तिला रीतसर डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या, आजाराचं नाव कळलं, गोळ्या सुरू झाल्या. बाबांनी डॉक्टरांना एकदाही दुरुस्त केलं नाही. घरी मात्र त्यांनी स्वतःची पद्धत काढली. ते मुद्दाम चुकायला लागले. बुधवारी म्हणायचे, आज मंगळवार ना? माझ्या वाढदिवसाची तारीख चुकीची सांगायचे, आमटीला सांबार म्हणायचे, आणि आईकडे बघत थांबायचे. आईने चूक काढली की त्यांचा तो दिवस चांगला जायचा. असे दिवस हळूहळू कमी होत गेले.

पुढच्या उन्हाळ्यात स्कूटरवाले काका आणि काकू आमच्याकडे चहाला आले होते. किल्ली अजून त्यांच्याकडेच होती. त्यांच्या नातीचं लग्न ठरलं होतं, म्हणून लग्नांचा विषय निघाला आणि बाबांनी स्वतःच्या लग्नाची गोष्ट काढली. ही गोष्ट आमच्याकडे दोघांनी मिळून सांगायची असायची. आईचं माहेर लोणी काळभोरचं, घरची शेती, गोठ्यात म्हशी. बाबा म्हणायचे, "लग्नात जिलबी होती," आणि आई जिथे असेल तिथून, मोरीतूनसुद्धा, ओरडायची, "जिलबी नव्हती! बासुंदी होती! आमच्या घरच्या दुधाची!" लेकीच्या लग्नासाठी तिच्या वडिलांनी दोन दिवस दूध विकलं नव्हतं, आणि ते शहरातल्या व्याह्यांनी विसरलेलं तिला चालायचं नाही. बाबांना हे पक्कं माहीत होतं. तिला चिडवायला ते चाळीस वर्षं जिलबी म्हणत आले होते.

"उन्हाळ्याचे दिवस," बाबा सांगत होते. "लोणीला मांडव. आणि जेवायला काय, तर जिलबी."

ते थांबले. आई पाहुण्यांपुढे चिवड्याच्या बशा ठेवत होती. तिने मान वर केली नाही. बाबा पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने, "जिलबी होती आमच्या लग्नात."

आईने पुढची बशी ठेवली. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "काहीतरीच काय बाबा, बासुंदी होती."

"तू गप्प बस!" बाबा ओरडले. त्यांचा एवढा चढलेला आवाज मी वर्गाबाहेर कधी ऐकला नव्हता. "तुला कोणी विचारलं? तिला सांगू दे." मग काका-काकूंना म्हणाले, "थांबा जरा. ती सांगेल."

आम्ही थांबलो. काकांनी कप ओठांपर्यंत नेला होता, तो तसाच धरून ठेवला. आईने एकेकाकडे पाहिलं. सगळे आपल्याकडे बघताहेत, आपल्याकडून काहीतरी हवं आहे, एवढं तिला कळलं. तिने बाबांच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि त्यांना काय आवडेल ते ओळखलं.

"होती ना," ती हसून म्हणाली. "फार छान होती जिलबी."

"हो," बाबा म्हणाले. "छान होती."